गाठीवर आधी सुई, मग सुरी

सदर : घरचे आरोग्य



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. नाव-गाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे. तेवढे सोडून बाकीचा मजकूर थोडक्यात देते.

त्यांचे मिस्टर गोदामात हमाली करतात. वय चव्वेचाळीस. तीन वर्षांपूर्वी डाव्या कानाच्या पाळीखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. आता ती लिंबाएवढी झाली आहे. दाढी करताना अडते, पाठीवर गोणी घेतली की घासते. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी हाताने चाचपून पाहिले, सोनोग्राफी करायला लावली आणि कागदावर ‘एफएनएसी’ असे लिहून दिले. म्हणजे गाठीत सुई घालून करायची तपासणी. हे ऐकले आणि घरात एकच गोंधळ उडाला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, गाठीला सुई लावली की ती खवळते. शेजारचे काका म्हणाले, आमच्या गावात एकाला अशीच सुई लावली आणि तो सहा महिन्यांत गेला. तपासणीच्या दिवशी मिस्टर रांगेतून उठून घरी आले. आता नाक्यावरचा एक दवाखानेवाला सांगतो आहे, तपासणी हवी कशाला? जागा बधिर करतो, अर्ध्या तासात गाठ काढून देतो, चार टाके पडतील, दोन दिवसांनी कामावर जा.

शेवटी ताई विचारतात, ‘सुई लावू द्यावी की गाठ काढूनच टाकावी? घरात कमावणारे हे एकटेच आहेत. चुकले तर कोणाला विचारायचे?’

हा प्रश्न एका घरचा नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगायचा मला अधिकार नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून माझी सारी नोकरी झाली. अशा सुईच्या काचा मी रोज रंगवल्या आहेत आणि सुईच्या भीतीने पळून जाणारी माणसेही रोज पाहिली आहेत. त्या आधीची एक गोष्ट माझ्या घरचीच आहे. ती आधी सांगते.

मामांचा चहा

१९८० नंतरच्या काळातली गोष्ट. माझे मामा गिरणीत बदली कामगार होते. उजव्या कानापुढे सुपारीएवढी गाठ आली होती. कामाचा खाडा नको, मोठ्या रुग्णालयाच्या चकरा नकोत, म्हणून त्यांनी घराजवळच्या एका लहान दवाखान्यात ती काढून घेतली. आधी तपासणी नाही. काढलेली गाठही तपासायला पाठवली नाही. मामींना ती वाटीत दाखवली आणि फेकून दिली.

पट्टी बांधून मामा घरी आले. संध्याकाळी मामींनी चहा दिला, तर उजव्या बाजूने चहा ओघळून सदऱ्यावर पडला. बधिरपणा आहे, उतरेल, असे सगळे म्हणाले. दोन दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा दिसले की उजवा डोळा मिटत नाही आणि हसताना तोंड डावीकडे ओढले जाते. ते मग कधी उतरले नाही. रात्री डोळ्यावर पट्टी लावून झोपावे लागे. लग्नकार्यात मामा फोटोच्या वेळी उठून जात.

आठ-नऊ वर्षांनी त्याच जागी पुन्हा गाठी आल्या. या वेळी एक नव्हे, मण्यांसारख्या बारीक अनेक. मी तेव्हा नोकरीला लागले होते. मामांना हाताला धरून घेऊन गेले, सुईची तपासणी केली. रिपोर्ट आला, साधी गाठ, कॅन्सर नाही. मामींना हायसे वाटले, पण मला मात्र रडू आले. पुन्हा आली ती गाठ साधी होती, म्हणजे मूळची गाठही साधीच असणार. मामांचे तोंड गाठीने वाकडे केले नव्हते, घाईने केले होते.

कानाखाली असते तरी काय?

आपल्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. सर्वांत मोठी जोडी दोन्ही कानांच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर असते. डॉक्टर तिला पॅरोटिड म्हणतात. गालगुंड होते तेव्हा फुगते ती हीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला असते, तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आत शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात.

लाळग्रंथींच्या शंभर गाठी घेतल्या तर त्यांतल्या ऐंशीच्या आसपास कानाजवळच्या ग्रंथीत सापडतात. त्या ग्रंथीतल्या गाठींपैकी पुन्हा शंभरात सुमारे ऐंशी साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र जवळजवळ निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात आणि जिभेखालच्या ग्रंथीत बहुतेक. ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा, असे डॉक्टर मानतात. म्हणून कानाखालच्या गाठीने घाबरून जाऊ नये, आणि जिभेखालची किंवा टाळूवरची गाठ लहान आहे म्हणून सोडूनही देऊ नये.

आता खरी अडचण सांगते. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून बाहेर येते आणि सरळ या कानाजवळच्या ग्रंथीत शिरते. आतच तिला फांद्या फुटतात. मुख्य फांद्या पाच. कपाळाला आठी घालणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे, खालचा ओठ हलवणे, मानेची कातडी ताणणे, ही कामे त्या करतात. कणकेच्या गोळ्यात शिवणीचे दोरे मळून ठेवावेत तशी ही नस ग्रंथीत पसरलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. जो सर्जन आधी ती नस शोधतो, सोडवतो आणि मग गाठीला हात लावतो, त्याच्याच हातात हे ऑपरेशन सुरक्षित असते. नाक्यावर बधिर करून, दिसली गाठ की घातली सुरी, असे हे काम नव्हे.

गाठ एक, दुखणी अनेक

‘गाठ काढायचीच आहे तर तपासणी कशाला?’ हा प्रश्न मी शंभरदा ऐकला आहे. त्याचे उत्तर असे की प्रत्येक गाठ काढायची नसते, आणि काढायची असली तरी सगळ्या गाठी एकाच रीतीने काढत नाहीत.

पहिली गोष्ट क्षयाची. आपल्याकडे कानाजवळ आणि मानेत क्षयाच्या गाठी पुष्कळ आढळतात. जुनी माणसे त्यांना गंडमाळ म्हणत. त्यांतली एखादी लाळग्रंथीच्या आतच असते आणि बाहेरून अगदी ट्यूमरसारखी वाटते. सुईतून आलेल्या मालात क्षयाच्या खुणा दिसल्या, जंतू सापडले, तर त्या माणसाला साधारणपणे ऑपरेशन लागतच नाही. किमान सहा महिने गोळ्या घ्यायच्या, आणि त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. सुई लावली नसती तर त्याची मान उगाच कापली गेली असती.

दुसरी गोष्ट खड्याची. जेवायला बसले की जबड्याखाली सूज येते, दुखते आणि तासाभराने उतरते. बहुतेक वेळा नळीत खडा अडकलेला असतो. त्याचा उपाय निराळा.

तिसरी ती माझ्या मामांची गाठ. लाळग्रंथीच्या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी. डॉक्टर तिला प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा म्हणतात. ही हळूहळू, वर्षानुवर्षे वाढते. कॅन्सर नसते, पण दोन कारणांनी ती फसवी आहे. एक, तिचे आवरण पातळ असते आणि काही ठिकाणी गाठीचे कोंब त्यातून बाहेर आलेले असतात. नुसती सोलून काढली तर बिया मागे राहाव्यात तसे कण मागे राहतात आणि गाठ पुन्हा येते. भोवतालच्या निरोगी ग्रंथीसकट काढली तर पुन्हा येण्याची शक्यता फार कमी. दुसरे कारण, खूप वर्षे तशीच ठेवली तर काही जणांच्या गाठीत पुढे कॅन्सर होतो. म्हणून ती काढायची, पण नीट काढायची.

चौथी वॉर्थिनची गाठ. ही विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये जास्त दिसते, पन्नाशी-साठी उलटलेल्यांना होते आणि कधी दोन्ही बाजूंना असते. तिच्यात कॅन्सर होणे फारच विरळा. हृदयविकार किंवा दम्याने थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला सुईच्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगू शकतात, बाबा, आता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी दाखवा.

पाचवी, कॅन्सरची गाठ. तिच्यातही प्रकार आहेत. काही मवाळ, काही नसेच्या कडेकडेने पसरणारे. इथे ग्रंथीचा जास्त भाग काढावा लागतो, कधी मानेतल्या गाठी काढाव्या लागतात, पुढे शेक म्हणजे रेडिएशन द्यावे लागते. हे आधी कळले तर सर्जन तयारीने उतरतो आणि घरचेही तयारीने येतात. शिवाय लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर आहे. त्यावर मुख्य उपचार औषधांचा असतो, सुरीचा नव्हे.

बाहेरून या सगळ्या गाठी पाळीखालचा एक फुगवटा म्हणूनच दिसतात. बोटांना थोडे कळते, सोनोग्राफीला आणखी थोडे कळते. गाठ कुठे आहे, केवढी आहे, घट्ट आहे की पाण्याची, हे सोनोग्राफी सांगते. ती कशाची आहे, हे मात्र तिच्यातल्या पेशी पाहिल्यावरच सांगता येते.

सुई कशी लावतात?

भीती असते ती न पाहिलेल्या गोष्टीची. म्हणून जसे घडते तसे सांगते.

उपाशी जायची गरज नसते. चहा-नाश्ता करून जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. तुम्हाला बाकावर झोपवतात किंवा खुर्चीवर बसवतात. डॉक्टर स्पिरिटने जागा पुसतात आणि दोन बोटांत गाठ पक्की धरतात. सुई इंजेक्शनचीच असते, बहुतेक वेळा २२ ते २५ नंबरच्या मधली. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. रक्त काढायला वापरतात तेवढी किंवा त्याहून बारीकच म्हणा ना. बधिर करायचे इंजेक्शन बहुधा देत नाहीत, कारण त्याचे टोचणेही एवढेच दुखते.

सुई आत गेली की डॉक्टर ती गाठीतल्या गाठीत काही वेळा पुढेमागे करतात. तेवढा वेळ हलायचे नाही आणि गिळायचे नाही. काही सेकंदांचा खेळ आहे. सिरिंज माल ओढून घेते. येतो किती, तर थेंबभर. तो काचेवर सोडतात आणि दुसऱ्या काचेने पातळ पसरतात. काही काचा हवेत वाळवतात, काही ताबडतोब अल्कोहोलच्या बरणीत बुडवतात. मग आम्ही तंत्रज्ञ त्या रंगवतो. वाळलेल्या काचेवरचा रंग वेगळा, अल्कोहोलमधल्या काचेचा वेगळा, कारण पेशींची वेगवेगळी लक्षणे त्यांत उठून दिसतात. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाचतात.

एकदा टोचून पुरेसा माल आला नाही तर दोनदा, तीनदा टोचतात. त्यात डॉक्टरांचे काही चुकले असे समजू नये. नंतर कापूस पाचेक मिनिटे दाबून धरायचा. थोडे दुखते, कधी निळसर डाग पडतो, दोन-चार दिवसांत जातो. टाका नाही, पट्टी नाही. त्याच दिवशी कामावर जाता येते. पत्रातल्या ताईंना मजुरी बुडायची काळजी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सुईने गाठ पसरते का?

ही शंका अडाणीपणाची नाही. शिकलेल्या डॉक्टरांनाही ती होती आणि त्यांनी ती तपासून पाहिली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेस मार्टिन आणि तिथले तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठीतला माल काढून निदान करण्याची पद्धत १९३० साली छापून प्रसिद्ध केली. एका सर्जनच्या नावाशेजारी एका तंत्रज्ञाचे नाव आले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्यांची सुई आजच्यापेक्षा जाड होती. कॅन्सर पसरेल या धास्तीने आणि काचा वाचण्याची सवय नसल्याने पुष्कळ डॉक्टर त्यानंतरही दूरच राहिले.

पुढे स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी बारीक सुई वापरायला सुरुवात केली. एनेरोथ, फ्रान्सेन आणि झायिचेक यांनी लाळग्रंथींच्या १००० गाठींवरचा सुईचा अनुभव १९६७ साली मांडला. त्यांच्याच देशातल्या डॉक्टरांनी सुई लावलेल्या माणसांची वर्षानुवर्षे माहिती ठेवली आणि सुईच्या वाटेने लाळग्रंथीची गाठ पसरते का हे पाहिले. १९७१ साली त्यांनी सांगितले की तशी भीती बाळगायचे कारण दिसत नाही. तेव्हापासून जगभर लाखो माणसांना ही सुई लागली आहे. बारीक सुईने लाळग्रंथीची गाठ पसरल्याची उदाहरणे अतिशय विरळा आहेत.

मग शेजारच्या काकांच्या गावचा तो माणूस सहा महिन्यांत का गेला? त्याला कॅन्सर आधीच झालेला असणार. सुईने फक्त त्याचे नाव सांगितले. पाऊस आला म्हणून आपण छत्री उघडतो, छत्री उघडली म्हणून पाऊस येत नाही. असा माणूस बहुधा उशिरा आलेला असतो, आणि उशीर का झाला असे विचारले तर कोणीतरी त्याला सुईची भीती घातलेली असते.

गाठीतले कण खरोखर सांडतात ते दुसऱ्याच रीतीने. अर्धवट कापून तुकडा काढला, किंवा गाठ फोडून बाहेर ओढली, म्हणजे. म्हणूनच कानाजवळच्या गाठीचा सुरीने तुकडा काढून तपासायचा मार्ग डॉक्टर टाळतात. त्यात नसही कापली जाऊ शकते. टाळूवरच्या किंवा ओठातल्या गाठीचे वेगळे, तिथे लहानसा तुकडा सहज काढता येतो. कानाखाली मात्र आधी सुई. बारीक सुईने उलगडा झाला नाही तर जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, थोड्या जाड सुईने बारीक धागाभर तुकडा काढतात. तीही चांगली तपासणी आहे.

रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

रिपोर्ट इंग्रजीत असतो. घरात शिकणारी मुले असतात, ती अक्षरे वाचतात, पण अर्थ लागत नाही. २०१८ पासून लाळग्रंथीच्या सुईचे रिपोर्ट देण्यासाठी मिलान पद्धत म्हणून एक सर्वमान्य रीत आली आहे. तिच्यात सहा खाने आहेत.

पहिला, नमुना अपुरा. याचा अर्थ ‘काही नाही’ असा मुळीच नाही. काचेवर वाचण्याजोगे काही आले नाही, एवढाच अर्थ. पुन्हा सुई लावावी लागते. या शेऱ्यावर घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून जोर देऊन सांगते.

दुसरा, ट्यूमर नाही. सूज, जंतुसंसर्ग, क्षय वगैरे. तिसरा, नक्की सांगता येत नाही. चौथ्यात दोन भाग आहेत. साधी गाठ, हा एक भाग, आणि ट्यूमर आहे पण साधा की वाईट हे सुईवरून ठरत नाही, हा दुसरा. साधी गाठ असा शेरा असेल तर पुढे कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात पाचाहूनही कमी. दुसऱ्या भागात मात्र साधारण तिघांत एकाला कॅन्सर निघतो, म्हणून ती गाठ काढायचाच सल्ला बहुधा मिळतो. पाचवा खाना, कॅन्सरचा दाट संशय. सहावा, कॅन्सर. सहाव्या खान्यातला शेरा शंभरात नव्वदाहून अधिक वेळा खरा ठरतो.

आता सुईची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नाक्यावरच्या दवाखानेवाल्यासारखीच होईन. अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की कॅन्सर असलेल्या शंभर गाठींपैकी ऐंशीच्या आसपास सुईने ओळखल्या. म्हणजे विसेक निसटल्या. कॅन्सर नसलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णवच्या आसपास सुईने बरोबर ‘नाही’ म्हणून सांगितल्या. सुई ‘कॅन्सर आहे’ म्हणते तेव्हा तिचा शब्द वजनदार असतो. ‘नाही’ म्हणते तेव्हा डॉक्टर तो शब्द गाठीच्या लक्षणांशी ताडून पाहतात.

ती लक्षणे आपणही ओळखावीत. गाठ अचानक भराभर वाढू लागली, सतत दुखू लागली, दगडासारखी घट्ट झाली, हलेनाशी झाली, वरची कातडी फुटली, मानेत आणखी गाठी आल्या, किंवा त्या बाजूचा चेहरा लुळा पडू लागला, तर रिपोर्ट साधा असला तरी थांबू नये. पुन्हा दाखवावे, त्याच आठवड्यात दाखवावे.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

रिपोर्ट हाती आल्यावर घरातल्या एका समजूतदार माणसाला बरोबर घेऊन सर्जनला भेटावे आणि चार प्रश्न विचारावेत. गाठ कशाची आहे? ग्रंथीचा किती भाग काढणार? चेहऱ्याच्या नसेला धोका किती? पुढे शेक लागेल का? हे विचारण्यात अपमान नाही. संमतीच्या कागदावर सही आपली असते, तेव्हा समजून घेण्याचा हक्कही आपला असतो.

साध्या गाठीच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देतात. कानापुढून पाळीखाली वळून मानेपर्यंत चीर घेतात, आधी नस शोधतात, मग नसेच्या वरचा ग्रंथीचा भाग गाठीसकट काढतात. नस जपली तरी काही जणांचा ओठ किंवा डोळा काही आठवडे किंवा महिने कमजोर राहतो आणि मग हळूहळू सुधारतो. कायमचा लुळेपणा अशा ऑपरेशनात क्वचित येतो. पाळीच्या आसपास बधिरपणा मात्र बरेच दिवस राहू शकतो.

काढलेली गाठ फेकू देऊ नका. ती तपासायला गेलीच पाहिजे. शेवटचा निकाल तिचाच, सुईचा रिपोर्ट हा आधीचा अंदाज. सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत. रुग्णालय बदलायचे झाले तर रिपोर्टबरोबर काचाही मागून घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर त्या स्वतः पुन्हा वाचतात. आमच्या हातची काच नीट जपली तर पुष्कळ वर्षांनीही वाचता येते.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयात सुईची तपासणी थोडक्यात होते. ऑपरेशनसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते विचारावे. योजनेत घेतलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात त्यांनी विमा रुग्णालयात जावे. ते पैसे आपल्या घामाचे आहेत.

ताईंना उत्तर

ताई, तुमच्या मिस्टरांची गाठ तीन वर्षे हळूहळू वाढली, दुखत नाही, चेहरा सरळ आहे. ती साधी असण्याची शक्यता जास्त आहे. पण पत्र वाचून ते मी ठरवू शकत नाही, आणि नाक्यावरचा दवाखानेवालाही ठरवू शकत नाही. ते ठरेल काचेवरच्या थेंबावरून. पुन्हा त्याच रुग्णालयात जा. रांगेतून उठून गेलो होतो, असे मोकळेपणाने सांगा. कोणी चार शब्द बोलले तर ऐकून घ्या आणि पुन्हा तारीख मागा. त्या दिवशी तुम्ही स्वतः मिस्टरांच्या बरोबर जा. सुई आत असेल तेव्हा त्यांचा हात धरून बसा. एवढ्याने मोठमोठी माणसे गप्प राहतात, हे मी पाहिलेले आहे.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या काळजीपोटीच बोलल्या. त्यांना माझ्या मामांची गोष्ट वाचून दाखवा. दुसऱ्या ऑपरेशननंतर मामा पुष्कळ वर्षे जगले, गाठी पुन्हा आल्या नाहीत. पण पहिल्या दिवशी ओघळलेला चहा शेवटपर्यंत ओघळतच राहिला. पाहुणे आले की मामी त्यांचा कप आत नेऊन देत.

तुमच्या घरी ती वेळ येऊ नये, म्हणून एवढे लिहिले. रिपोर्ट आला की कळवा. वाट पाहते.